नऊ चाळीस ते साडेपाच

वहीत चार रकाने आहेत. वेळ. काय घडलं. मुलानं काय केलं. तुम्ही काय केलं.

वही वैदेही मॅडमनी दिली. त्या समुपदेशक. दत्तक मूल घरी आलं की त्या अधूनमधून येऊन बघून जातात आणि अहवाल देतात. त्या अहवालावर पुढचा आदेश होतो. रकाने त्यांनीच पट्टीनं आखले होते. "रोज पाच-सहा ओळी लिहा ताई," त्या म्हणाल्या. "काय वाटलं ते नको. काय दिसलं ते लिहा."

ते मला जमण्यासारखं होतं. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात माल तपासते. अकरा वर्षं झाली. खालून दिवा असलेल्या काचेवर टॉवेल पसरायचा आणि चूक कुठं आहे ते लिहायचं. का झाली ते लिहायचं नाही. ते काम दुसऱ्या खात्याचं.

ज्ञानदा आमच्याकडे आली तेव्हा अकरा महिन्यांची होती. जन्मानंतर चौथ्या दिवशी तिच्या आईनं तिला शिशुगृहात सोपवलं. साठ दिवसांत आई विचार बदलू शकते, असा नियम असतो. ती आली नाही. एवढंच आम्हाला सांगितलं गेलं. बाकीचं पाकिटात बंद, आणि ते पाकीट आमच्यासाठी नाही.

घर जुळे सोलापुरात, तिसऱ्या मजल्यावर. इमारत सहा वर्षांची, त्याआधी इथं ज्वारीचं रान. या घरात आमच्याआधी कुणी राहिलेलं नाही. माझा नवरा अवधूत होटगी जंक्शनला रेल्वेत आहे, त्याच्या पाळ्या बदलत असतात. मी सकाळी आठ वीसला निघते, संध्याकाळी सव्वापाचला घरी येते. मधल्या वेळात ज्ञानदाला सांभाळायला पार्वतम्मा असायची. पंचावन्नची, ठेंगणी, साखर पेठेतून दोन रिक्षा बदलून यायची आणि आल्याबरोबर आधी पाय धुवायची.

हे सगळं मी नीट सांगते आहे, कारण पुढचं नीट सांगता येत नाही.

*

दिवस ९
वेळ: ५.१५. काय घडलं: मी कामावरून आले. मुलानं: बघितलं नाही. तुम्ही: हाक मारली. दोनदा.
वेळ: ५.३०. काय घडलं: काही नाही. मुलानं: रडली. रांगत दारापर्यंत गेली, दारावर हात मारले. वीस मिनिटं. तुम्ही: उचलून घेतलं. तिनं मला ढकललं.

दिवस १०
वेळ: ५.३०. काय घडलं: काही नाही. मुलानं: तेच.

दिवस ११
वेळ: ५.३०. तेच.

दिवस १४
वेळ: ५.२९. मी घड्याळ हातात धरून बसले होते.

*

खालच्या मजल्यावर समरा भाभी राहतात, उर्दू शाळेत शिकवतात. जिन्यात भेटल्या तेव्हा हसत म्हणाल्या, "काय हो, तुमची स्कूटी खाली लागली की पंधरा मिनिटांत वर भोंगा सुरू! दिवसभर तर बाळाचा आवाज नसतो."

मी पण हसले.

"मी आपलं सहज विचारलं," त्या म्हणाल्या. "वाईट मानून घेऊ नका जी."

वैदेही मॅडमनी मात्र हसत विचारलं नाही. त्यांनी वही पहिल्या पानापासून चाळली. ज्ञानदा त्यांच्या समोर बसून प्लॅस्टिकचे चमचे एकावर एक ठेवत होती. मॅडमनी हात पुढे केले. ज्ञानदा मागं सरकली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "आईपासून लवकर तुटलेलं मूल साधारण तीन पायऱ्यांनी जातं. आधी आक्रोश. मग हताश होतं, गप्प पडून राहतं, दूध सोडतं. मग तिसरी पायरी. तेव्हा सगळ्यांना वाटतं, सुधारलं. हसतं, खेळतं, कुणाच्याही कडेवर जातं. ती पायरी सगळ्यात वाईट. त्या वेळी आई परत आली ना, तरी मूल तिच्याकडे परक्यासारखं बघतं आणि तोंड फिरवतं."

"ज्ञानदा कुठल्या पायरीवर आहे?"

"तेच कळत नाही. शिशुगृहातली मुलं अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात. ही पडत नाही. वजन चांगलं आहे, झोप चांगली आहे. आई कामावर गेली की घरातलं लाडाचं मूल जसं रडतं, तसं रडते ही. अगदी निरोगी रडणं आहे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "फक्त ती रडते तुम्ही आल्यावर."

"मी आल्यावर नाही. साडेपाचला."

"ताई, मी तुमच्यावर आरोप करत नाहीये. पण आदेश अजून व्हायचा आहे. मला जे दिसेल ते लिहावं लागतं."

त्यांनी स्वतःच्या वहीत काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, कारखान्यात सवय आहे. पण त्यांनी हात आडवा ठेवला होता.

आठ वर्षं वाट बघून ती आम्हाला मिळाली होती. कागदोपत्री अजून फक्त आमच्याकडे ठेवलेली होती. ठेवलेली वस्तू परत नेता येते.

*

पुढच्या रविवारी दिवसभर बसून बघायचं ठरवलं. अवधूत झोपला होता. पार्वतम्माला सुट्टी होती.

नऊ चाळीसला ज्ञानदानं चमचे खाली टाकले. दाराकडे बघितलं आणि हसली. असं हसताना मी तिला तोवर बघितलं नव्हतं. दोन्ही हात वर, पाय आपटत, सगळं अंग हसत होतं.

दार बंद होतं. कडी लावलेली होती.

मग तिची नजर हलली. दारापासून हॉलमधून सरळ, स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या भिंतीकडे. तिथं पोचल्यावर नजर खाली आली, जमिनीपासून दोन फुटांवर थांबली. उभं असलेलं माणूस भिंतीला टेकून खाली बसावं, तशी.

ज्ञानदा रांगत तिथं गेली. पाठ फिरवून बसली, मग आडवी झाली.

मी उठून जवळ गेले. तिचं डोकं फरशीला टेकलेलं नव्हतं. चार बोटं वर होतं. मान सैल होती, डोळे अर्धे मिटलेले होते, आणि डोकं चार बोटं वर होतं. मी घड्याळ लावलं. अकरा मिनिटं.

अकरा महिन्यांच्या मुलाला असं डोकं अकरा सेकंदही धरता येत नाही. मी उताणी पडून स्वतः करून बघितलं. मला दीड मिनिटात कळ आली.

नंतर मी टेप घेऊन दारापाशी तिची नजर जिथं होती ती उंची मोजली. चार फूट नऊ इंच. वहीत लिहिली. मग तो कागद फाडला, कारण वही वैदेही मॅडम वाचणार होत्या.

*

कोण?

अवधूत. माझी उंची पाच तीन, त्याची पाच आठ. शिवाय तो झोपला होता.

समरा भाभी. त्यांच्याकडे आमची एक किल्ली असते. किल्ली परत मागितली. भाभींनी कारण विचारलं नाही, पण त्यानंतर जिन्यात हसल्या नाहीत.

पार्वतम्मा.

पार्वतम्माच्या नावाखाली मी रेघ ओढली. दिवसाचे नऊ तास ती आणि ज्ञानदा दोघीच असायच्या. मूल शिकवल्याशिवाय काही करत नाही. कुणीतरी तिला रोज त्याच वेळी त्याच जागी हसायला शिकवलं होतं. पार्वतम्माची उंची मी डोळ्यानंच मोजली. चार आठ किंवा चार नऊ.

*

मी आठवडाभर रजा टाकली. पार्वतम्माला सांगितलं, घरीच आहे, पण तू ये.

तिसऱ्या दिवशी दुपारी ज्ञानदा भिंतीपाशी पडली होती आणि डुलत होती. शिशुगृहातली मुलं स्वतःला डुलवतात, हे मला मॅडमनी सांगितलं होतं. पण हे वेगळं होतं. एक झटका, मग अंग आपोआप मागं यायचं. पुन्हा झटका. झटका पायाकडून यायचा.

मी मोजायला लागले. पंचवीस झाले आणि ती थांबली. दहा-बारा सेकंद. पुन्हा पंचवीस. पुन्हा थांबली. चार वेळा मोजलं. चोवीस कधी नाही, सव्वीस कधी नाही.

पार्वतम्मा स्वयंपाकघराच्या दारात तांदूळ निवडायचं ताट घेऊन उभी होती. मला वाटलं, ती माझ्याकडे बघतेय. ती ज्ञानदाकडे बघत होती.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"पंचवीसचा कट्टा, मॅडम."

"कसला?"

"विडीचा. मी तीस वर्षं विडी वळली. पोर झोळीत, झोळीची दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला. हातानं विडी वळायची, पायानं दोरी ओढायची. एक विडी, एक झोका. पंचवीस झाले की दोऱ्यानं कट्टा बांधायचा. तेवढा वेळ झोका बंद." ती थांबली. "माझी तिन्ही पोरं अशीच झोपली. आमच्या गल्लीत सगळ्यांची."

"मग हिला कुणी शिकवलं?"

"मला काय ठाऊक?"

"तू वळतेस का इथं? मी नसताना?"

ज्ञानदाच्या केसांना दोन दिवसांपासून वास येत होता. विडीचं पान भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, त्याचा. कॉलेजात माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलींच्या ओढण्यांना हा वास असायचा. मी ते सांगितलं. म्हणाले, पिशवी दाखव.

पार्वतम्मानं ताट खाली ठेवलं. आपली पिशवी आणली आणि हॉलच्या मधोमध उलटी केली. डबा, चष्म्याचं घर, रुमाल, औषधाची पट्टी.

"दोन वर्षं झाली विडी सोडून. डोळे गेले. पान कापताना बोटच कापायला लागले तेव्हा सुनेनं कात्री काढून घेतली." ती एकेक वस्तू परत भरत होती. "मॅडम, तुमच्या घरी मी महिना झाला काम करते. त्या भिंतीपाशी मी एकदा तरी बसले का? आठवा. का बसत नाही, ते विचारा."

मी विचारलं नाही.

"उद्यापासून येत नाही मी," ती म्हणाली. दारात चपला घालताना तिनं ज्ञानदाकडे वळून हात केला. ज्ञानदानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती भिंतीकडे तोंड करून हसत होती.

आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं. चूक सापडली आणि बाजूला काढली.

*

दुसऱ्या दिवशी
वेळ: ९.४०. काय घडलं:
मुलानं: हसली. हात वर केले.
तुम्ही काय केलं:

*

अवधूतला रात्रपाळी मिळाली, त्यामुळे दिवसा तो घरी असायचा. त्याला मी सगळं सांगितलं होतं. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "ती खेळतेय गं. तू दिवसभर चुका शोधतेस. घरी आलीस तरी तुझा तो दिवा चालूच."

माझी रजा संपल्यावर, गुरुवारी साडेअकराला त्याचा कारखान्यात फोन आला.

"तू मघाशी घरी येऊन गेलीस का?"

"नाही. का?"

मागं पंख्याचा आवाज येत होता.

"काही नाही. मी झोपेत होतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या दिवसापासून तो हॉलमध्ये झोपत नाही. का, ते त्यानं अजून सांगितलेलं नाही.

*

शिशुगृहात अधीक्षक मॅडमनी चहा दिला, बाकी काही दिलं नाही. "चार दिवसांचं बाळ होतं ते. चार दिवसांचं बाळ काय लक्षात ठेवणार? तुम्ही उगाच मनात काही आणू नका. आणि सांभाळायला जड जात असेल, तर तसं स्पष्ट सांगा. लपवू नका."

मी म्हणाले, जड जात नाही.

मागच्या अंगणात निंगव्वा दुपटी वाळत घालत होती. अक्कलकोटकडची, मुलांना न्हाऊ घालणारी. ज्ञानदाला आम्ही घेऊन निघालो तेव्हा हीच गेटपर्यंत आली होती.

"हिला इथं झोका कोण द्यायचं?" मी विचारलं.

"झोका? अय्यो, कुटला झोका! सोळा पोरं आन् आमी तिगी. पाळणे लोखंडाचे हाईत, हालतच न्हाईत."

"कुणी भेटायला यायचं?"

"कोन येणार वो?" तिनं दुपटं झटकलं. "पर लई शाणी पोर. दिसभर एकदा रडायची न्हाई. बाकीची पोरं कुनी बी आलं की अंगावर पडत्यात, ही न्हाई. आपली कोपऱ्यात एकटीच पडून हसायची. सांजच्याला तेवढं रडायची."

"किती वाजता?"

निंगव्वानं हातातला चिमटा तसाच धरून माझ्याकडे बघितलं. "तुमी हे का इचारताय बाई? तिला परत आणून सोडताय काय?"

"नाही."

"मग इचारू नका की. सुखात हाय न्हवं पोर? कुनी का करंना."

परत येताना सात रस्त्याच्या सिग्नलला मी हिशेब मांडला. शिशुगृहात होतं, तसं आमच्या घरीही होतं. म्हणजे घरात काही नव्हतं, ज्ञानदाच्या मागं होतं. शिशुगृह ते आमचं घर पाच किलोमीटर. कुणी चालत यायचं म्हटलं तरी येऊ शकतं.

माझं माहेर मोहोळला, पस्तीस किलोमीटर.

सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. मी पहिल्यांदाच मनात 'ती' म्हणाले होते. नऊ चाळीसला येते ती. साडेपाचला जाते ती.

*

मोहोळ. हायवेला लागून नवीन बांधलेलं स्लॅबचं घर, पुढं भावाचं खताचं दुकान. आईला सांगितलं, आठ दिवस हवापालट. ज्ञानदाचं येणं-जाणं कुणाला कळू नये म्हणून पहाटेच निघालो, एसटी रिकामी होती. कुणाला म्हणजे कुणाला, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

पहिला दिवस.
९.३५. ज्ञानदा दाराकडे तोंड करून बसली.
९.४०. हात वर केले.
९.४५. हात वरच.
९.५२. हात खाली.
१०.१०. रडायला लागली.

ते रडणं मी आधी ऐकलं नव्हतं. साडेपाचचं रडणं वेगळं होतं, त्यात उद्याची खात्री होती. हे तसं नव्हतं. दुकानातून भाऊ धावत आला. वहिनीनं दृष्ट काढली. साडेपाच वाजून गेले तरी ती थांबली नाही.

दुसरा दिवस. दूध घेतलं नाही. वाटीतला भात घेतला आणि थुंकला. आवाज बसला तरी रडत होती. आई तिला घेऊन अंगणात फेऱ्या घालत होती.

"कुणाची तरी सय येतीया गं पोरीला," आई म्हणाली. "कुणाचा लळा हाय हिला? ती कामवाली का?"

"कुणाचा नाही."

"आसं कसं? लेकरू उगं न्हाई रडत."

"आई, तिला मी सोडून कुणी नाही."

आईनं पदरानं ज्ञानदाचं नाक पुसलं आणि आत गेली.

तिसरा दिवस. रडली नाही. उताणी पडून छताकडे बघत होती. हाक मारली तर पापणी हलायची. आंघोळ घातली, कपडे बदलले, जसं ठेवावं तशी राहिली.

त्या दुपारी मला कळलं. वैदेही मॅडमचा आवाज, पेनाचं टोपण, सगळं आठवलं. पहिली पायरी, दुसरी पायरी. हे घडत असताना मी समोर बसून बघत होते. घडवतही मीच होते. शिशुगृहात जे कधी घडलं नव्हतं, चौथ्या दिवशी सोपवूनसुद्धा घडलं नव्हतं, ते मी तीन दिवसांत केलं होतं. ज्ञानदा तोपर्यंत कधी तिच्या आईपासून तुटलीच नव्हती.

चार वाजताची सोलापूर गाडी होती. घर ते स्टँड दहा मिनिटं.

मी गेले नाही.

*

चौथा दिवस. तेच.

पाचवा दिवस. हसली. वहिनीकडे गेली. खत न्यायला आलेल्या माणसाकडे गेली. बांगड्या विकायला आलेल्या बाईच्या गळ्यात पडली. "आता रुळली गं!" आई म्हणाली.

सहावा दिवस. नऊ चाळीसला दाराकडे बघितलं नाही.

सातवा दिवस. माझी ओढणी धरून उभी राहिली. मी पाणी आणायला उठले तर रडली. मी परत आले तर थांबली.

आठवा दिवस. 'आई' म्हणाली. मला.

मी तिला इतकं घट्ट धरलं की ती कळवळली.

*

सोलापूर. सोमवार.

मुद्दाम रजा वाढवली होती. हॉलमध्ये सतरंजीवर बसलो होतो, ज्ञानदा माझ्या मांडीवर.

नऊ चाळीस.

काही नाही.

नऊ पन्नास. दहा.

दहा वाजून सात मिनिटांनी ज्ञानदानं मान वळवली.

दाराकडे. चार फूट नऊ इंच.

नजर आत आली. सावकाश. मध्ये दोनदा थांबली, लांबून चालून आलेलं माणूस थांबतं तशी.

भिंतीकडे गेली नाही.

आमच्याकडे आली.

अगदी समोर आल्यावर खाली आली. माझ्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. ओल्या पानाचा वास आला.

ज्ञानदा बघत होती. ओळख नव्हती. भीती नव्हती. रिक्षात समोर बसलेल्या बाईकडे मूल बघतं, तेवढंच.

मग तिनं तोंड फिरवलं आणि माझ्या मानेत खुपसलं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मी जिंकले होते, आणि ते समोरच्याला दिसावं, असंही मला वाटत होतं. नंतर किती वेळ गेला ते सांगता येत नाही. वहीत तो रकाना कोरा आहे.

*

वैदेही मॅडम पुढच्या पंधरवड्यात आल्या. त्यांनी मला तीन मिनिटं जिन्यात उभं राहायला सांगितलं. आत ज्ञानदा रडल्याचा आवाज आला. मी परत आले तर धडपडत माझ्या पायांना येऊन चिकटली. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "असं एखादंच मूल बघायला मिळतं," त्या म्हणाल्या. "काय केलंत ताई तुम्ही?"

"वेळ दिला."

त्यांनी ते लिहून घेतलं. आदेश झाला. जन्माच्या दाखल्यावर आई म्हणून माझं नाव आलं. अवधूतनं फुलांचा हार आणून दाराला लावला आणि पेढे वाटले. समरा भाभींनी ज्ञानदाला फ्रॉक शिवला. पार्वतम्माकडे मी स्वतः जाऊन माफी मागून आले, तिनं मला आत बोलावलं नाही.

ज्ञानदा आता दोन वर्षांची आहे. बालवाडीच्या बाईंकडे जाते, भाजीवाल्याकडे जाते, पहिल्यांदा भेटलेल्या पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसते. सगळे म्हणतात, किती माणसाळलेली आहे. नऊ चाळीसला ती कुठंही बघत नाही. साडेपाचला रडत नाही.

तेवढाच एक त्रास आहे. आधी साडेपाचला ती रडायची, म्हणून मला रोज संध्याकाळी कळायचं, की आता घरात आपणच आहोत. आता कळत नाही.

जमिनीवर बसण्याआधी मी हात फिरवून बघते. कधीकधी एका जागी फरशी कोमट लागते. सोलापुरात फरशी तापतेच. मी जरा बाजूला सरकून बसते.